जिला जो मानवेल तो योग

(मंडळाच्या वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला ‘योग’ या विषयावर चार शब्द बोलायला सांगितले तेव्हा मी म्हटले, बाई, तुमची माणूस निवडण्यात चूक झाली. माझे शिक्षण सातवीपर्यंत. पुढे शाळा दुसऱ्या गावी, वाटेत नाला, पावसाळ्यात तो भरला की चार चार दिवस जाणे नाही. वडील म्हणाले, पुरे झाले. तेव्हापासून जे वाचले ते दुपारी भांडी झाल्यावर, या मंडळाच्या कपाटातून नेऊन वाचले. तेव्हा माझ्या बोलण्यात काही बरे असेल तर ते कपाटातले आहे आणि चुकेल ते माझे आहे, असे समजावे.

हल्ली योग म्हटले की डोळ्यांसमोर सतरंजी येते. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१४ सालच्या डिसेंबरात ठराव केला आणि २०१५ पासून २१ जून हा दिवस जगभर योगदिन म्हणून पाळतात. आपणही पाळतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी स्वतःची कंबर आसनांनी सुधारली आहे. पण पतंजलींनी योगाची आठ अंगे सांगितली, त्यांत आसन तिसरे. त्याच्या आधी यम आणि नियम. यमातले पहिले अहिंसा आणि शेवटचे अपरिग्रह, म्हणजे नको तो साठा न करणे. हे वाचले त्या दिवशी मी माळ्यावर चढून पाहिले. बारा रिकामे डबे, तीन फुटक्या झाकणांचे, आणि लग्नात आलेला, एकदाही न वापरलेला एक सरबताचा संच. मी मुकाट्याने खाली उतरले. आसन सोपे वाटले.

असो. आज मी आसनांवर बोलणार नाही. ते शिकवायला आपल्याकडे माझ्याहून जाणत्या भगिनी आहेत. मला बोलायचे आहे ते वेगळ्याच गोष्टीवर, आणि त्याचे कारण मागल्या महिन्यातली आपली सभा. ती सभा कशी झाली ते आपणा सर्वांना ठाऊक आहे. खोली एक आणि मागणाऱ्या तीन. भजनवाल्या म्हणाल्या, संध्याकाळची वेळ आमची. योगवर्गाच्या म्हणाल्या, भजन म्हणजे म्हाताऱ्यांचा विरंगुळा, त्यापेक्षा प्राणायाम करा म्हणजे गुडघे तरी धरणार नाहीत. बिबड्या-पापडवाल्या म्हणाल्या, तुम्ही गा नाहीतर नाकाने फुसफुसा, मंडळाचे विजेचे बिल आमच्या बिबड्यांवर भरते. आणि एक भगिनी, त्या आज समोरच बसल्या आहेत म्हणून अधिक सांगत नाही, उठून निघूनच गेल्या. मी त्या दिवशी एक शब्द बोलले नाही. घरी जाऊन मात्र झोप आली नाही. वाटले, या तिन्ही बाया आपापल्या परीने एकच गोष्ट मागत आहेत आणि प्रत्येकीला वाटते आहे की दुसरीचे खोटे.

आपल्या लोकांनी योगाच्या वाटा मुख्यत्वे चार मानल्या. विचाराने शोध घेणाऱ्याची ती ज्ञानाची वाट, प्रेमाने शरण जाणाऱ्याची भक्तीची, काम करून फळावरचा हक्क सोडणाऱ्याची कर्माची, आणि मन आवरून आत स्थिर होणाऱ्याची ध्यानाची, तिला राजयोगही म्हणतात. स्वामी विवेकानंदांनी १८९५-९६ साली न्यूयॉर्कमध्ये या चारही वाटांवर वर्ग घेतले. त्यांचे म्हणणे असे की माणसांचे स्वभावच वेगवेगळे. कोणी विचारी, कोणी भावनेचा, कोणी कामाचा, कोणी अंतर्मुख. प्रत्येकाने आपल्या स्वभावाची वाट धरावी, आणि जमेल तितके बाकीच्यांतलेही घ्यावे.

मला याहून पटले ते आपल्याच महाराष्ट्रातले उदाहरण. गीता एकच. सातशे श्लोक. ज्ञानेश्वरांनी १२९० साली नेवाशाला ती मराठीत सांगितली, तिच्यात भक्तीचा ओलावा किती आणि सहाव्या अध्यायात योगाभ्यासाचे वर्णन किती बारकाईचे! तीच गीता लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात हाती घेतली आणि ‘गीतारहस्य’ लिहून दाखवले की गीतेचा सगळा रोख कर्मयोगावर आहे. पुस्तक १९१५ साली निघाले. आणि तीच गीता विनोबांनी १९३२ साली आपल्या या धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी कैद्यांना समजावून सांगितली, साने गुरुजी समोर बसून लिहून घेत. तिथे सूर आणखी निराळा, अगदी घरगुती. आता सांगा, तिघांतले कोण चुकले? मी कोण सांगणार! पण मला वाटते, विहीर तीच असते, जिची जेवढी दोरी आणि जसे भांडे तसे पाणी वर येते.

विनोबांची एक गोष्ट आपण बायकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्यांच्या आईला संस्कृत गीता कळेना. तिने मुलाला मराठी गीता आणून द्यायला सांगितले. त्याने आणली ती तिला अवघड वाटली, तेव्हा ती म्हणाली, मग तूच का करीत नाहीस? आई १९१८ साली गेली. मुलाने ‘गीताई’ लिहिली ती १९३०-३१ साली. त्या माउलीला वाचायला मिळाली नाही. पण मला समजेल असे द्या, हे मागायला ती लाजली नाही. आपण लाजतो. शेजारीण ज्या शिबिराला जाते तिथे आपण जातो, आणि आपल्याला ते मानवत नसले तरी ‘छान वाटले हो’ म्हणून घरी येतो. मी हेच केले, म्हणून सांगते.

२०१८ च्या दिवाळीनंतर आमच्या सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा जड झाली. त्यांची खाट मधल्या घरात खिडकीपाशी टाकली. बोलावणे कळावे म्हणून देवघरातली लहान पितळी घंटा दोरीने खाटेच्या डाव्या कडेला बांधली. घंटा वाजली की मी जायचे. दिवसातून तीसदा वाजे. पाणी, कूस, माश्या, खिडकी लाव, खिडकी उघड. पहिले दोन महिने मी धावत गेले. मग चालत जाऊ लागले. मग ‘आले, आले’ म्हणून जागेवरूनच ओरडू लागले. माझा स्वभाव चिडका झाला. मुलांवर हात उगारू लागले, एकदा कढईच जोराने आपटली तर तिचा कानच निघाला.

तेव्हा एका मैत्रिणीने एका शिबिराची माहिती दिली. शिबिर मोफत होते, शिकवणारे गृहस्थ सज्जन होते. त्यांनी सांगितले, पहाटे पाचला उठून चाळीस मिनिटे डोळे मिटून श्वासाकडे पाहत बसा, सहा महिन्यांत मन निवळेल. मध्ये काही आवाज, काही विचार आला तर त्याकडे लक्ष देऊ नका. मी नेमाने बसू लागले. श्वासाकडे पाहायचे, पण दिसे ते वेगळेच. दुधाची पिशवी आणली का, हरभरे भिजत घातले का, धाकटीच्या फीची शेवटची तारीख. चाळीस मिनिटांनी उठले की मन निवळण्याऐवजी तापलेले असे, कारण कामाला उशीर झालेला. तरी मी सोडले नाही. सोडले तर आपण कमी पडलो असे झाले असते. वर्गातल्या इतरजणी सांगत, मला प्रकाश दिसला, मला शांत वाटले. मीही सांगितले, मला शांत वाटले. खोटे बोलले.

आषाढातली गोष्ट. पाऊस लागला होता. मी बसलेली आणि घंटा वाजली. मला आठवले, आवाजाकडे लक्ष द्यायचे नाही. पुन्हा वाजली. मी डोळे घट्ट मिटले. तिसऱ्यांदा वाजली ती हळू, भीतभीत वाजवल्यासारखी. मग थोडा वेळ काहीच नाही. चौथ्यांदा वाजली तशी मी उठले आणि मधल्या घरात जाऊन त्यांना म्हणाले, “आई, घटकाभर तरी मला देवाचे करू द्याल की नाही?”

त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि तोंड भिंतीकडे फिरवले. अंथरूण ओले झाले होते. त्यासाठीच त्या वाजवीत होत्या.

मी सगळे बदलले. त्या काही बोलल्या नाहीत, बोलणार तरी कशा. पण त्या दिवसापासून त्यांनी घंटा वाजवणे बंद केले. काही लागले तर कोणी जवळून जाईपर्यंत वाट पाहत. चौथ्या दिवशी दुपारी मी गच्चीवरून वाळवण घेऊन खाली आले तेव्हा त्यांचे ओठ सुकून पांढरे पडले होते. पाण्याचा पेला कोणीतरी उजव्या बाजूला ठेवला होता. त्या बाजूचा हात चालत नव्हता. हाताशी घंटा होती आणि ती त्यांनी वाजवली नव्हती.

भगिनींनो, हे मी कोणालाच सांगितले नव्हते. आमच्या ह्यांनाही आज सकाळीच सांगितले, सभेत सांगणार आहे म्हणून.

मी पहाटेचे बसणे सोडले. ध्यान वाईट म्हणून नव्हे. आमचे हेच पाहा ना. एका कारखान्यात फिटर आहेत, शिकलेले माझ्याहून फारसे नाहीत. पण रेशनच्या रांगेत दोन तास उभे राहायचे असले तर माझा जीव खालीवर होतो आणि हे असे उभे असतात जणू देवळात आहेत. शिबिराची पुस्तिका माझी घरात पडली होती, ती वाचून ते बसू लागले आणि आजतागायत बसतात. त्यांना ते पाण्यात मीठ विरघळावे तसे जमते. मला नाही जमत. माझ्या हातांना काम लागते. हात चालले की माझे डोके थांबते, हात थांबले की डोके चालते. इतकी साधी गोष्ट, पण चाळीशी गाठेस्तोवर मला कळली नव्हती, कारण मी कधी स्वतःकडे पाहिलेच नव्हते. पाहिले ते शेजारणीकडे.

मग मी काय केले ते सांगते. पहाटे पाचची वेळ तीच ठेवली. त्या वेळी सासूबाईंचे अंग कोमट पाण्याने पुसायचे, उजव्या हातापायाला तेल चोळायचे, बोटे एकेक करून उघडायची आणि मिटायची. डॉक्टरांनी ते सांगितलेलेच होते, पण मी ते दिवसात कधीतरी उरकून टाकीत असे. आता ते सावकाश करू लागले. रात्री त्यांच्या खाटेखाली अंथरूण घातले. रोज सकाळी घंटेची दोरी त्यांच्या डाव्या हातात देऊन म्हणे, “वाजवा हं.” त्या दोरी धरीत आणि मी वळले की सोडून देत.

अकरा दिवस असे गेले. बाराव्या दिवशी मी पीठ मळीत होते आणि घंटा वाजली. पिठाच्या हातांनी तशीच धावले. त्यांना काही नको होते. खिडकीतून खार आत आली होती आणि उशाच्या फाटक्या गोधडीतला कापूस ओढून तोंडात भरीत होती. त्या मला ती दाखवीत होत्या. अर्ध्या तोंडाने हसत होत्या.

आता इथे मी थांबले असते तर तुम्ही म्हणाला असता, बाई कर्मयोगिनी झाली. मलाही तसेच वाटले होते. पण घरकाम करणारी प्रत्येक बाई कर्मयोगिनी असती तर आपल्या चाळीत एव्हाना सगळ्या संतिणीच राहत असत्या. काम तर सगळ्याच करतो. गीतेने अट घातली आहे ती फळाच्या आशेची.

त्या दिवाळीला नणंदबाई सुरतेहून आल्या. आईजवळ बसल्या, डोक्यावरून हात फिरवला आणि सहज म्हणाल्या, “केस किती गुंतलेत गं.” बस, एवढेच. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वर्षभराचे सगळे माझ्या तोंडून बाहेर पडले. किती वाजता उठते, किती चादरी धुतल्या, किती रात्री जागले, आकड्यांसकट. नणंदबाई रडू लागल्या. आणि मी बोलता बोलता माझाच आवाज ऐकून गप्प झाले. वाण्याच्या वहीत असावा तसा हिशेब माझ्या मनात लिहिलेला होता. कोणी पाहुणा आला की मी त्याच्यासमोरच सासूबाईंची कूस बदलीत असे. हे मला त्या दिवसापर्यंत उमगले नव्हते.

यावर मी एक लहानसा उपाय शोधून काढला, पुस्तकातला नव्हे. दिवसातून एक काम असे करायचे की जे केले हे कोणालाच कळणार नाही. सासूबाई झोपल्या असताना त्यांच्या नखांची धार घासून ठेवणे, जाऊबाईंच्या वाटणीची चिंच साफ करून त्यांच्या डब्यात भरणे. कोणी विचारले तर ‘कोण जाणे’ म्हणायचे. पहिल्या आठवड्यात सांगण्यासाठी जीभ वळवळे. पुढे पुढे कमी झाले. गेले असे म्हणणार नाही. सासूबाई २०२१ च्या मार्गशीर्षात गेल्या आणि लोक समाचाराला आले तेव्हा ‘सुनेने फार केले’ हे शब्द ऐकायला माझे कान टवकारलेले होते. इतके सगळे होऊनही.

म्हणून म्हणते, स्वभावाची वाट धरणे म्हणजे सोयीची वाट धरणे नव्हे. आपल्या खानदेशात याचे मोठे उदाहरण आहे. तापी आणि पूर्णा यांचा संगम होतो तिथे चांगदेव गाव आहे, चांगदेवांचे जुने दगडी देऊळ आहे. मंडळाची सहल गेली होती तेव्हा आपण पाहिले. तिथून जवळच मुक्ताईंचे स्थान, त्यांच्याच नावाने आज मुक्ताईनगर. चांगदेव मोठे योगी. योगबळाने ते चौदाशे वर्षे जगले, वाघावर बसून ज्ञानेश्वरांना भेटायला निघाले, अशी कथा सांगतात. पण त्याआधी पत्र पाठवायचे तर मायना काय लिहावा हेच सुचेना. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा की ज्ञानाने मोठे म्हणून नमस्कार? शेवटी कोरा कागदच धाडला. तो पाहून मुक्ताई, त्या वेळी कोवळी पोर, म्हणाली की इतकी वर्षे काढून हा अजून कोराच राहिला. ज्ञानेश्वरांनी उत्तरादाखल पासष्ट ओव्या लिहिल्या, तीच ‘चांगदेव पासष्टी’. पुढे चांगदेवांनी त्या पोरीलाच गुरू केले. चांगदेवांची वाट खोटी नव्हती, प्राणायाम खोटा नव्हता. पण आपली वाट हीच आपली पदवी झाली की नमस्कार लिहायला हात वळत नाही.

भक्तांनाही हे सुटलेले नाही. नामदेव विठ्ठलाशी बोलत असे आपण म्हणतो, पण गोरोबाकाकांनी थापटण्याने सगळ्यांची डोकी तपासली तेव्हा कच्चे मडके कोण निघाले? नामदेवच. रुसले, पण मग विसोबा खेचरांकडे गेले, हे त्यांचे मोठेपण. ही कथा आमच्या जाऊबाईंना मी सांगितली तर त्या माझ्यावर रागावल्या. त्या दरवर्षी वारीला जातात. कीर्तन ऐकता ऐकता त्यांच्या डोळ्यांना धार लागते. त्यांना ‘सोऽहं’ समजावून पाहा, त्या जांभई देतील. आणि आमची थोरली? ती लहानपणी विचारायची, देवाला भूक लागत नाही तर नैवेद्य का, आणि लागते तर एवढासाच का? तिच्या आजोबांनी तिला उद्धट म्हटले. मीही दटावले. आज वाटते, ती तिची वाट होती. प्रश्न विचारल्याशिवाय जिला हात जोडता येत नाहीत, तिचे हात आपण बळेच जोडले तर ते फार दिवस जोडलेले राहत नाहीत. आता ती पुण्याला शिकते, परवा फोनवर म्हणाली, “आई, उपनिषदांवरचे एक पुस्तक वाचतेय.” मी म्हटले, वाच बाई. मला काही समजले तर सांग.

काही भगिनी विचारतील, आपला स्वभाव कोणता हे ओळखावे कसे? माझ्याजवळ एकच खूण आहे, ती चुलीपाशी सापडलेली. घरात वाईट बातमी आली तर तुमचे पाय कुठे वळतात ते पाहा. कोणी देवघरात जाऊन बसते. कोणी गच्चीवर एकटी जाते आणि तासभर बोलत नाही. कोणी ‘असे का झाले, कोणाचे चुकले’ याचा छडा लावीत बसते, तिला आपण निष्ठुर म्हणतो, ती निष्ठुर नसते. आणि माझ्यासारखी पदर खोचून मोरी घासायला लागते. माझे वडील गेल्याचा निरोप आला तेव्हा मी आधी दहा माणसांचा स्वयंपाक केला आणि मग रडले. लोकांनी नावे ठेवली. ठेवोत.

आणि ज्यांना यातले काहीच जमत नाही, त्यांनीही खचू नये. गीतेच्या बाराव्या अध्यायात भगवंतांनी पायऱ्या लावून दिल्या आहेत. मन माझ्यात स्थिर ठेव. ते होत नसेल तर सराव कर. तोही होत नसेल तर माझ्यासाठी म्हणून काम कर. तेही होत नसेल तर निदान फळाचा लोभ सोड. ‘जमत नसेल तर’ असे देव स्वतः तीनदा म्हणतो, मग आपण एकमेकींना ‘कसे जमत नाही’ म्हणून का दरडावतो?

जळगावच्या बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हते. जन्म १८८० चा. शेतात राबल्या, जात्यावर गायल्या. १९५१ साली गेल्या, आणि पुढच्या वर्षी त्यांची गाणी छापून निघाली तेव्हा मोठमोठे साहित्यिक चकित झाले. त्यांना कोणी योगिनी म्हटल्याचे मी ऐकले नाही. सावता माळी अरणला मळाच राखीत राहिले. मळ्यातच त्यांना विठ्ठल भेटला म्हणतात.

योगवर्गाच्या भगिनींना वाटेल की ही आमच्याविरुद्ध बोलली. तसे नाही. लोणावळ्याला १९२४ साली कैवल्यधाम स्थापन करणारे स्वामी कुवलयानंद त्याआधी आपल्या अमळनेरलाच शिक्षणाचे काम करीत होते. योगक्रियांचा शरीरावर काय परिणाम होतो हे त्यांनी यंत्रे लावून तपासले. ते शास्त्र आहे, टिंगलीचा विषय नाही. फक्त एक विनंती. ज्यांचा रक्तदाब चढलेला असतो, ज्यांचे पोटाचे ऑपरेशन झाले आहे किंवा ज्या गरोदर आहेत त्यांना जोराने श्वास फेकायला किंवा कोंडून धरायला लावू नये, आधी डॉक्टरांना विचारावे. परवा वर्गात एका मावशींना घेरी आली, त्यांनी लाजेने सांगितले नव्हते की त्यांना गोळ्या चालू आहेत. हे मी चहाडी म्हणून सांगत नाही.

आता खोलीविषयी. मी वेळापत्रक लिहून आणले आहे, ते सभेपुढे ठेवते. पहाटे साडेपाच ते साडेसहा योगवर्ग आणि ज्यांना नुसते डोळे मिटून बसायचे असेल त्या. दुपारी एक ते चार बिबड्या, पापड, शिवण. संध्याकाळी पाच ते सहा भजन, आणि एकादशीला सातपर्यंत. ज्यांना पुस्तक वाचून वाद घालायचा आहे त्यांच्यासाठी मी गुरुवारची दुपार मागते. तेवढा एक दिवस पापडवाल्यांनी अंगणात बसावे, पावसाळ्यात काय करायचे ते तेव्हा पाहू. एकीची वेळ चालू असताना दुसरीने दारात उभे राहून चपला वाजवू नयेत. आणि ज्या भगिनी मागल्या सभेतून उठून गेल्या होत्या त्यांनी भजनाची पेटी पुन्हा घेऊन यावी, आमच्यात दुसऱ्या कोणाला ती वाजवता येत नाही.

पहाटे पाचला येऊन खोली उघडायची आणि झाडायची, ते माझ्याकडे द्यावे. त्या वेळी मला जाग येतेच, अजून. एवढे मात्र करा, हे काम कोणाकडे आहे ते अहवालात छापू नका. छापले तर मला आवडेल, म्हणूनच सांगते.